शंका वर्गातल्या : एक वर्ग, चाळीस तऱ्हा

या वेळी बहुतेक पत्रं एकाच विषयावर आली आहेत, एकाच वर्गात वेगवेगळ्या गरजांची मुलं असली की शिकवायचं कसं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून जी पत्रं इतरांनाही आपली वाटतील ती घेतलीत. काही उत्तरं फार लांबलीत, काही दोन ओळींत संपलीत, जिथे बोलण्यासारखं जास्त होतं तिथे बोलले, एवढंच.

ताई नमस्कार, माझ्या पाचवीच्या वर्गात ४२ मुलं आहेत. दोघांना वाचायला त्रास होतो, एकाला एडीएचडी आहे (लक्ष आणि हालचाल यांवर ताबा कमी), एकीला कमी ऐकू येतं, आणि तिघं अशी की मी फळ्यावर प्रश्न लिहून होण्याआधीच उत्तर सांगून मोकळी. ट्रेनिंगला गेलं की सांगतात प्रत्येकाच्या गरजेनुसार शिकवा. मी एकटी आहे हो. रोज सात-आठ वर्कशीट कोण बनवणार? — पाचवीची वर्गशिक्षिका

बाई, नका बनवू. अगदी मनापासून सांगते. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी हे केलंय, पाच मुलांसाठी पाच रंगांच्या वर्कशीट, रात्री जागून. तिसऱ्या दिवशी बघितलं तर एक मुलगा आपला पिवळा कागद पुस्तकाखाली लपवून बसलेला, कारण पिवळा कागद म्हणजे सोपा कागद हे पूर्ण वर्गाला कळलं होतं. मी दमले ते दमलेच, वर त्याची लाज वाढवली.

त्याऐवजी धडा हातात घेतला की आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा, आज मला नेमकं काय शिकवायचंय? आणि मग त्याच्याभोवती दुसरं काय काय चिकटलंय ते बघा. समजा विषय बाष्पीभवन आहे. शिकवायचंय हे की साचलेलं पाणी कुठे जातं, उष्णतेने आणि पसरट जागेने काय फरक पडतो. आता आपण काय करतो, पुस्तकातला उतारा वाचायला सांगतो आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं वहीत लिहायला सांगतो. म्हणजे ज्याला वाचता येत नाही तो विज्ञानात नापास आणि ज्याचं अक्षर सावकाश येतं तोही विज्ञानात नापास, दोघांना बाष्पीभवन कळलंय की नाही हे आपल्याला शेवटपर्यंत कळतच नाही.

तर काम एकच ठेवा पण आत यायला दोन-तीन दारं ठेवा. उतारा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, तोच मुलांच्या समोरही असू दे. एक बशी आणि एक अरुंद ग्लास, दोन्हीत सारखंच पाणी, खिडकीत ठेवून द्या आणि उद्या बघा. उत्तर द्यायची मुभा अशी की चार वाक्यं लिहा, किंवा चित्र काढून बाण आणि नावं द्या, किंवा माझ्या टेबलाजवळ येऊन सांगा. तपासायचं मात्र सगळ्यांचं सारखंच, उष्णता आली का, पसरट पृष्ठभाग आला का, वाफ हवेत मिसळते हे आलं का. आणि महत्त्वाचं म्हणजे ही मुभा ४२ जणांना, फक्त त्या चौघांना नाही. तुमची ती तीन घाईची मुलंसुद्धा चित्र काढायला बसली की पहिल्यांदा थांबून विचार करतात, हा माझा अनुभव आहे. त्यांना पुढचं काम म्हणून आणखी दहा तसलेच प्रश्न देऊ नका, ती शिक्षा होते. 'बशीवर झाकण ठेवलं तर काय होईल?' असा एकच खोल प्रश्न द्या.

पण हेही ऐका. जेव्हा शिकवायचंच आहे परिच्छेद लिहायला, तेव्हा चित्र चालणार नाही. तिथे सूट द्यायची नाही, आधार द्यायचा. फळ्याच्या कोपऱ्यात लागणारे आठ-दहा शब्द लिहून ठेवा, वाक्याची सुरुवात करून द्या ('सुरुवातीला...', 'त्यानंतर...', 'म्हणून...'), आणि दर काही दिवसांनी त्यातला एकेक आधार काढत जा. याला इंग्रजीत स्कॅफोल्डिंग म्हणतात, बांधकामाची परांची, १९७६ साली वुड, ब्रुनर आणि रॉस या तिघा संशोधकांनी शिकवण्याच्या संदर्भात हा शब्द वापरला. परांची भिंत उभी राहिली की काढायची असते हे आपण विसरतो, वर्षभर तशीच ठेवतो.

हा सगळा विचार मुळात इमारतींकडून आलाय बरं का. रॉन मेस नावाचे अमेरिकन आर्किटेक्ट होते, स्वतः व्हीलचेअर वापरायचे. त्यांचं म्हणणं असं की इमारत आधी बांधून मागाहून रॅम्प चिकटवण्यापेक्षा पहिल्यापासूनच सगळ्यांना जाता येईल अशी बांधा. रॅम्प असला की बाबागाडीवालाही जातो आणि जड बॅग ओढणाराही. कास्ट नावाच्या संस्थेने, ती १९८४ साली सुरू झाली, हाच विचार पुढे वर्गात आणला आणि त्याला यूडीएल (युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग, म्हणजे सगळ्यांना शिकता येईल अशी रचना) नाव मिळालं. नाव विसरलात तरी चालेल, रॅम्प लक्षात ठेवा.

अजून दोन फुकटातल्या गोष्टी. एक म्हणजे सूचना. आपण एका दमात म्हणतो, "वही काढा, पान बत्तीस उघडा, तारीख टाका, समास आखा, तिसरं आणि पाचवं गणित सोडवा आणि झालं की शेजाऱ्याशी तपासा." मोजा, सहा सूचना झाल्या. मोठ्या माणसाच्याही डोक्यात एका वेळी जेमतेम चारेक नव्या गोष्टी टिकतात, मुलांच्या त्याहून कमी, आणि लक्षाची अडचण असलेल्या मुलाच्या तर बऱ्याचदा आणखी कमी. मग तो वही काढून शेजारच्याकडे बघत बसतो आणि आपण म्हणतो ऐकत नाही. एकेक सूचना द्या, ती झाली की पुढची, आणि तीन पायऱ्या फळ्यावर लिहून ठेवा म्हणजे विसरलेलं मूल तुमच्याकडे न येता फळ्याकडे बघेल.

दुसरी म्हणजे थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातल्या टेप ऐकून मोजलं होतं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबायला लागले तर उत्तरं लांब होतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. तीन सेकंद फार मोठे वाटतात हो, पहिल्या आठवड्यात मी मनात आकडे मोजायचे. हात वर करणं बंद करून 'आधी विचार करा, मग शेजाऱ्याला सांगा, मग मी कोणालाही विचारीन' असं केलंत तर तुमच्या त्या तिघांची घाईही आपोआप आटोक्यात येते.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. तोंडी विचारलं तर सगळं येतं, गोष्टी तर इतक्या रंगवून सांगतो. वाचायला उभं केलं की घाम फुटतो, लिहिताना काना-मात्रा गायब. घरचे म्हणतात आळशी आहे. कोणी म्हणालं रंगीत चष्मा लावा. त्याला परीक्षेत जास्त वेळ दिला तर बाकीची मुलं म्हणतात आम्हाला का नाही? — एक शिक्षक

सर, तुम्ही लिहिलंय त्यावरून डिस्लेक्सियाची (वाचायला-लिहायला शिकण्यातली अडचण) शंका घ्यायला जागा आहे, पण निदान मी करणार नाही आणि तुम्हीही करू नका. तज्ज्ञांकडे पाठवायला पालकांना जरूर सांगा, त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत मात्र थांबायचं कारण नाही, कारण वर्गात जे करायचं ते रिपोर्टशिवायही करता येतं.

आधी गैरसमज. डिस्लेक्सिया डोळ्यांचा आजार नाही. अक्षरं उलटी दिसतात म्हणून मूल वाचत नाही ही ऐकीव गोष्ट आहे, सुरुवातीला अक्षरं उलटी काढणं बहुतेक सगळ्याच लहान मुलांचं होतं. खरी अडचण बऱ्याचदा आवाजांची असते, शब्दातले आवाज सुटे करणं आणि ते चिन्हांशी जोडणं. म्हणून रंगीत चष्मे आणि रंगीत कागदावर पैसे घालवू नका, त्याला भक्कम पुरावा नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच तसं स्पष्ट सांगितलंय. खास फॉन्टचंही तेच. अक्षरं जरा मोठी आणि ओळी-शब्दांत मोकळी जागा, इतकं केलंत तर ते जास्त कामाचं.

आता आपल्या लिपीचं बघा, कारण बाहेरची पुस्तकं हे सांगत नाहीत. आपण म्हणतो मराठी जसं बोलतो तसं लिहितो. बऱ्याच अंशी खरं, पण पहिली वेलांटी बघा, 'कि' म्हणताना आधी क येतो मग इ, लिहिलेली मात्र वेलांटी आधी दिसते. रफार तर त्याहून गंमत, 'सूर्य' मध्ये र चा आवाज य च्या आधी आणि चिन्ह य च्या डोक्यावर. 'क्ष', 'ज्ञ' मध्ये मूळ अक्षरं ओळखूच येत नाहीत. ज्याला आवाज सुटे करायलाच जड जातं त्याच्यासाठी हे सगळं एकदम म्हणजे भोवरा. म्हणून एका वेळी एकच चिन्ह घ्या, आठवडाभर फक्त पहिली वेलांटी. आधी कानाने, 'दिवस म्हण, आता त्यातला दि म्हण, आता त्यातला द आणि इ वेगळा म्हण', मग टेबलावर बोटाने मोठं गिरवणं आणि गिरवताना तोच आवाज तोंडाने काढणं, मग त्या चिन्हाचे दहा शब्द, मग दोन वाक्यं. रोज दहा मिनिटं, पण रोज. रविवारी दोन तास बसवून काही होत नाही.

मोठ्याने वाचायला अचानक उभं करणं आजच बंद करा, सगळ्यांसाठीच. आदल्या दिवशी सांगा, उद्या तुला या चार ओळी वाचायच्यात, घरी तयारी करून ये. घाम बराच कमी होईल. आणि गणितातलं शाब्दिक उदाहरण त्याला वाचून दाखवा, कारण तिथे तुम्ही गणित तपासताय. वाचनाच्या परीक्षेत वाचून दाखवायचं नाही, कारण तिथे वाचनच तपासताय. वर बाईंना सांगितलं तेच परत आलं, नेमकं काय तपासायचंय ते ठरलं की सवलत कुठे द्यायची आणि कुठे नाही यावर वाद राहत नाही.

राहिलं 'आम्हाला का नाही'. भाषण देऊ नका, एक खेळ घ्या. प्रत्येकाला एक दुखापत सांगायला सांगा, कोणाचा गुडघा फुटला, कोणाचं डोकं दुखतंय, कोणाला ताप. आणि सगळ्यांना औषध एकच द्या, कोपराला पट्टी. मुलं ओरडतात, बाई माझा गुडघा दुखतोय कोपर नाही! मग म्हणायचं, पण मी तर सगळ्यांना सारखंच दिलं ना? पुढे काही समजवावं लागत नाही. (मोठ्यांच्या मीटिंगमध्येही मी हा खेळ एकदा घेतलाय, तिथे जरा जास्त वेळ लागला.)

आमच्या तिसरीत एक मुलगा आहे, दोन मिनिटं जागेवर बसत नाही. पहिल्या बेंचवर बसवलं, मधली सुट्टी बंद केली, वर्गाबाहेर उभं केलं, काही फरक नाही. आता काय? — कंटाळलेली बाई

कंटाळा येणारच, त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. पण सुट्टी तेवढी परत द्या. ज्याला हालचालीची सगळ्यात जास्त गरज त्याचीच हालचाल बंद केली तर ती साठते आणि पुढच्या तासाला तुमच्याच अंगावर येते.

मग एक आठवडा काही न बदलता फक्त लिहून काढा. वहीच्या पानावर तीन रकाने, आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं. रागाचे शब्द नकोत, 'मस्ती केली' नको, 'उठून खिडकीजवळ गेला' असं लिहा. माझ्या एका वर्गात असं लिहिल्यावर दिसलं की आमचा पळपुट्या दिवसभर उठत नव्हता, फळ्यावरचं उतरवून घ्यायची वेळ आली की उठत होता. आणि उठला की मी काय करायचे, बाहेर उभं करायचे. म्हणजे त्याला जे टाळायचं होतं ते मीच त्याला टाळून देत होते, रोज, अगदी वेळेवर! उतरवायचा मजकूर निम्मा केला, उरलेला छापील दिला, आणि दोन ओळी झाल्या की डस्टर घेऊन फळा पुसायचं काम त्याचं. पंधरा दिवसांत देवदूत झाला नाही, पण बाहेर उभं करायची वेळ आली नाही.

मोठं काम तुकड्यांत द्या, दहा गणितांची शीट घडी घालून तीनच दिसतील अशी. वाळूचं घड्याळ किंवा टायमर समोर ठेवा, किती वेळ उरला हे त्याला डोळ्यांना दिसू दे. उभं राहून लिहायला मागच्या भिंतीपाशी जागा चालेल. आणि चांगलं वागला तर लगेच सांगा, आणि नेमकं सांगा, 'शहाणा' म्हणून उपयोग नाही, 'हात वर करून थांबलास' हे म्हणा. एडीएचडीमध्ये लक्ष नसतं असं नाही, लक्ष कुठे आणि किती वेळ ठेवायचं यावरचा ताबा कमी असतो, म्हणूनच आवडीच्या गोष्टीत तोच मुलगा तासभर हलत नाही आणि लोक म्हणतात बघा, मनात आणलं की जमतं!

आमच्या मुख्याध्यापकांनी सांगितलंय की मुलांची टेस्ट घेऊन बघून शिकणारी, ऐकून शिकणारी आणि करून शिकणारी असे तीन गट करा. करू का?

नका करू. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरचं संशोधन तपासलं होतं, असे गट करून त्या-त्या पद्धतीने शिकवल्याने जास्त येतं याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. चित्र, बोलणं, हाताने करणं हे तिन्ही सगळ्यांनाच द्या. विषयच ठरवतो ना, नकाशा ऐकून कसा शिकणार आणि कविता न ऐकता कशी? मुख्याध्यापकांना मात्र चूक आहात म्हणू नका, 'सर, तिन्ही पद्धती एकाच तासात घेते' म्हणा, तेही खूश.

माझी मुलगी ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे, दुसरीत. अभ्यासात ठीक आहे पण अचानक तास बदलला की कान झाकून ओरडते. बाई चांगल्या आहेत, त्यांना काय सांगू? — आई

बाई चांगल्या आहेत म्हणजे अर्धं काम झालं. त्यांना सांगा की दिवसाचं वेळापत्रक चित्रांत करून भिंतीवर लावा, एक तास झाला की ते चित्र उलटं करायचं. बदल होणार असेल तर त्यासाठी एक वेगळं चिन्ह ठेवा, मोठं प्रश्नचिन्ह चालेल, आणि ते सकाळीच लावा. तास संपायच्या पाच मिनिटं आधी एकदा आणि एक मिनिट आधी एकदा सांगायचं. घंटेचा त्रास होत असेल तर घंटेच्या जरा आधी तिला कान झाकायला सांगितलेलं चालतं, त्यात काही वावगं नाही. शांत कोपरा हवा, पण तिथे जाणं ही शिक्षा नाही हे वर्गाला माहीत हवं, दुसऱ्या कोणालाही दमल्यावर तिथे बसता यावं.

आणि भाषा. आपण किती वाकडं बोलतो ते अशा मुलांमुळे कळतं. 'धडा वाचून काढा' म्हटलं की काय काढायचं? 'जरा हात चालव', 'डोकं लाव', 'तोंड आवर', यातलं काहीच शब्दशः करता येत नाही. 'तू बसतेस का?' हा प्रश्न वाटतो आणि ती खरंच 'नाही' म्हणते, मग ती उद्धट ठरते. 'खुर्चीवर बस' म्हणावं, बस. डोळ्यात डोळे घालून बघ असा आग्रह तर नकोच, बऱ्याच जणांना बघणं आणि ऐकणं एकदम जमत नाही.

आमच्या मुलाला शाळेने मदतनीस दिल्या आहेत, दिवसभर त्याच्या शेजारीच बसतात. चांगलंच ना?

चांगलं, पण शेजारी किती वेळ हा प्रश्न आहे. मायकल जिआंग्रेको या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नेमकं हेच पाहिलं होतं, मोठं माणूस सतत चिकटून बसलं की वर्गशिक्षक त्या मुलाला आपलं समजेनासे होतात, बाकीची मुलं जवळ येत नाहीत आणि मूल प्रत्येक गोष्टीला मदतीची वाट बघतं. मदतनीस ताईंना पूर्ण वर्गभर फिरू दे, गरज लागली की यायचं, झालं की निघायचं. आणि पेन्सिल हातात घेऊन त्याच्याऐवजी लिहायचं नाही. मधल्या सुट्टीत तर त्यांनी लांबच राहावं, सुट्टी मुलांची असते.

वर्गात एका मुलीला ऐकायचं मशीन आहे. मशीन आहे म्हणजे तिला आता सगळं ऐकू येत असेल ना? मी 'कळलं का' विचारलं की हो म्हणते पण वहीत भलतंच असतं. — सातवीचे सर

मशीन आवाज मोठा करतं, स्पष्ट करेलच असं नाही, आणि मोठा करताना बाकांचा खडखडाट आणि पंख्याची घरघरही थोडीफार सोबत येतेच. तुमच्यापासून लांब गेलं की आणखी कमी. तिला पुढे आणि जरा बाजूला बसवा, म्हणजे तुम्हीही दिसाल आणि मागे वळली की बोलणारी मुलंही. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आधी लिहा मग वळा मग बोला. खिडकीला पाठ करून उभे राहू नका, तोंड काळोखात जातं, आणि नुसत्या ओठांवरून सगळं कळत नाही हे धरून चाला, प आणि ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, आरशासमोर करून बघा. मुद्दाम ताणून, ओरडून बोललं की ओठांचा आकार उलट बिघडतो. मागच्या बाकावरून कोणी प्रश्न विचारला तर तो तुम्ही परत म्हणा आणि मगच उत्तर द्या. नवा धडा सुरू करायच्या आदल्या दिवशी त्यातले नवे शब्द तिला लिहून द्या, ओळखीचा शब्द अर्धा ऐकू आला तरी पकडता येतो, अनोळखी पूर्ण ऐकू आला तरी निसटतो.

आणि 'कळलं का' विचारू नका. त्याला सगळी मुलं हो म्हणतात, ऐकू येणारीही. 'आता पहिल्यांदा काय करणार, सांग' विचारा, आणि ती सांगेपर्यंत पुढे जाऊ नका.